पास्कोलकाकांची चाल

मे महिन्यात वसईला जाणार म्हटल्यावर घरच्यांनी मला वेड्यात काढलं. पण ऑफिसातल्या फिलोमिनाच्या गावी, वसईतल्या होळी नावाच्या गावात, क्रुसाचा सण होता आणि जेवणाच्या आमंत्रणाला मी सहसा नाही म्हणत नाही.

पुण्याहून ठाणं, तिथून घोडबंदर रस्त्याने एसटी. उजवीकडे बसा, खाडीचा वारा लागतो. वसईत उतरल्यावर होळीपर्यंत शेअर रिक्षा मिळते. भाडं आधी विचारून घ्या; मी उतरताना विचारलं आणि भर उन्हात वाद घालत बसले.

घरी पोचले तर वातावरण तंग. फिलोमिनाचे वडील, पास्कोलकाका, दर वर्षी गावच्या क्रुसापुढे प्रार्थना गाऊन सांगायचे. त्यांनी एक ओळ म्हणायची, मागून गावाने तीच म्हणायची. कुणाचा सूर घसरला की भर प्रार्थनेत डोळे वटारणारा हा माणूस. हिवाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हात सावरला, पण तोंड जरा वाकडं राहिलं आणि गळा ऐकेनासा झाला.

"मी नाय म्हननार. लोक हसतील," काका म्हणाले.

"हसू दे की. इतकी वर्षं तुमी त्यांना रडवलंत," काकू वाटण वाटता वाटता म्हणाल्या. मग हात थांबवून म्हणाल्या, "आजारी होतात तवा रोज देवाला म्हनत होतात ना, आहे तसा घे मला? मंग आता त्याच्याफुडंच लाजताय?"

काका उठून मागच्या दारी गेले. मी इंद्याल-पाव, म्हणजे मटणाचा झणझणीत रस्सा आणि पाव, खाल्ला. डोळ्यांत पाणी येईल इतका तिखट, पण मटण खाणाऱ्यांनी चुकवू नये.

संध्याकाळी झेंडूने मढवलेल्या क्रुसापुढे गाव जमलं. काका सगळ्यांत मागे उभे. सुरुवात कुणीच करेना. फिलोमिनाने माझं मनगट घट्ट धरलं होतं. शेवटी काका पुढे आले आणि पहिली ओळ म्हणाले. शब्द अडखळत होते, चाल तर भलतीकडेच गेली. मी मान खाली घातली.

मागून गाव म्हणालं. त्याच भलत्या चालीत! काका जिथे घसरले, तिथे सगळे घसरले, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. काकांचे डोळे वाहत होते, पण ते थांबले नाहीत. माझा या देवाशी काही संबंध नाही, तरी मला भरून आलं.

मग उकडलेले चणे वाटले. काका माझ्याशेजारी येऊन बसले.

"एवढी वर्षं देवाफुडं सूर घेऊन जायचो," ते म्हणाले. "आज नुसताच गेलो. त्यानं काय परत नाय पाठवलं."

दुसऱ्या दिवशी किल्ला पाहिला (सकाळीच उरका, सावली फारशी नाही), बाजारात सुकेळी, म्हणजे इथली वाळवलेली केळी, घेतली आणि परतले. सुकेळी आठवड्यात संपली. काकांची ती पहिली ओळ मात्र भाजी चिरताना अजून तोंडात येते.

"चाल चुकतेय वाटतं," परवा नवरा म्हणाला.

"नाही," मी म्हटलं, "अशीच आहे ती."