अळणी आमटी

देवावर भरवसा ठेवणारी माणसं मी आयुष्यात पुष्कळ पाहिली; पण प्रत्यक्ष देवालाच घाम फुटावा इतका भरवसा ठेवणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझ्या सख्ख्या आत्तीचा नवरा होता. निपाणीच्या वेशीजवळ, आमच्या घराला लागूनच त्यांचं घर आणि तंबाखूचं रान होतं. तरुणपणी एका गोसाव्यानं त्यांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या : कुणाकडं काही मागायचं नाही आणि दारी आलेलं परत धाडायचं नाही, बाकीचं दत्तमहाराज बघून घेतील. तुम्हीआम्ही असलं ऐकतो, मान डोलावतो आणि घरी येऊन कुलूप लावतो. आमच्या आतोबांनी मात्र ते अक्षरशः मानलं. त्यांना आळशी म्हणायचीही सोय नव्हती. पहाटेपासून रानात बैलाबरोबरीनं राबायचे. फक्त तोंड उघडून ‘हे द्या’ म्हणायचं नाही, एवढंच.

आता न मागता जगणं हे पोथीत वाचायला गोड वाटतं, पण त्याची झळ सगळी घरच्या बाईला. आमटीत मीठ पडलं नसलं तरी आतोबा ‘मीठ’ म्हणायचे नाहीत. गपगुमान जेवायचे आणि वर तृप्तीची ढेकर द्यायचे. आत्ती बिचारी त्यांच्या पहिल्या घासाकडं डोळे लावून बसायची. भुवई तीळभर हलली की मिठाचं भांडं त्यांच्या ताटाकडं सरकवायची. ‘संसार कसला, नुसती राखण हाय ही,’ असं ती म्हणायची. पण भांडं सरकवताना तिचा हात कधी चुकला नाही.

दुसऱ्या नेमाची तऱ्हा तर और. आलेलं परत धाडायचं नाही, हे गावाला ठाऊक झाल्यावर गावानं हात धुऊन घेतले. आटलेली शेळी, लंगडा बैल, कुणाच्या भावकीनं टाकलेला बहिरा म्हातारा, सगळं आतोबांच्या अंगणात येऊन पडायचं. लग्नाच्या पंगतीत वाढपी मुद्दाम त्यांच्याच पानावर बुंदी ओतायचे. ‘पुरे’ म्हणणं म्हणजे परत धाडणं, म्हणून आतोबा घामाघूम होऊन खातच राहायचे. एकदा तर त्यांना बैलगाडीत आडवं घालून घरी आणावं लागलं. आणि बेळगावला म्हणून आगगाडीत बसून झोप लागल्यामुळं ते थेट लोंढ्याला पोचले, तो किस्सा आमच्या घरात अजून सांगतात. परतीची गाडी कुठली हे विचारणं म्हणजेसुद्धा मागणंच, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलेलं. बाकावर बसून राहिले. शेवटी एका हमालालाच राहवेना, तो म्हणाला, ‘पावनं, कुठं जायचं तुमास्नी?’ दुसऱ्या दिवशी कुणीतरी दिलेला भलामोठा फणस डोक्यावर घेऊन हसत दारात उभे. ‘लोंढ्याला गेलतो,’ म्हणाले, ‘फणस आणायचा हुता वाटतं देवाला.’

हे सगळं हसण्यावारी जात होतं, ते गोदूचं लग्न निघेपर्यंत. गोदू त्यांची एकुलती एक लेक, माझ्या बरोबरीची. मुलीच्या बापानं पागोटं बांधून दारोदार हिंडायचं, शब्द टाकायचा, हात जोडायचे, ही रीत. आणि आमचे आतोबा तर मिठाचं भांडं मागत नव्हते! आत्ती रोज कातावायची, ‘देव काय नवरा गाडीत घालून दारात आणणार हाय व्हय?’ ते शांतपणे तंबाखूची पानं उलटीपालटी करत म्हणायचे, ‘आणील की.’ आमच्या बरोबरीच्या पोरी एकेक करून सासरी गेल्या. माझंसुद्धा ठरलं. गोदू आधी हसायची, मग हसायची थांबली. एकदा जात्यावर बसल्या बसल्या मला म्हणाली, ‘आप्पांचा देवावर लई भरवसा हाय गं. पण देवाला आमचं घर ठावं हाय का?’ मला तिच्याकडं बघवेना.

आणि एका भर दुपारी खरंच एक गाडी दारात थांबली. गाडीतून सदलग्याकडची चार भारदस्त माणसं उतरली. दारी आलेल्याला जेवण झाल्याशिवाय नाव-गाव विचारायचं नाही, हा आतोबांचा आणखी एक शिरस्ता. ‘या, या, वाटच बघत हुतो,’ हे ते भिकाऱ्यालासुद्धा म्हणायचे. पाहुण्यांना वाटलं, निरोप पोचलेला दिसतोय. पाटपाणी झालं, पिठलं-भाकरी झाली, गोदूनं वाढलं. हात धुऊन त्यांच्यातला म्हातारा समाधानानं म्हणाला, ‘पोरगी हीच न्हवं? आमच्या मनात भरली बघा.’ दाराआड आत्तीनं माझा हात असा आवळला, की बांगडी रुतली.

आता जेवणं झाली होती. आतोबांनी विचारलं, ‘गाव कुठलं आणि कुणाकडं आलासा?’ म्हाताऱ्यानं मागल्या गल्लीतल्या पाटलांचं नाव घेतलं. त्यांचीच मुलगी बघायला मंडळी आली होती आणि गाडीवान गल्ली चुकला होता. आत्तीनं आतून बांगड्या वाजवल्या, खाकरली, शेवटी लाज सोडून उंबऱ्यात आली. ‘अवो, आल्यालं परत धाडायचं न्हाय म्हणता न्हवं?’

‘आपल्याकडं आल्यालं गं,’ आतोबा म्हणाले, ‘ह्ये दुसऱ्याकडं निघाल्यालं हाय.’ आणि पायांत वहाणा सरकवून ते स्वतः गाडीपुढं चालत पाटलांच्या घरापर्यंत गेले. तिथलं लग्न ठरलंही. अक्षता टाकायला आतोबा सगळ्यांच्या पुढं.

त्या दिवसापासून आत्तीनं अबोला धरला. मिठाचं भांडं फडताळात वर ठेवून दिलं आणि आमटीत मीठ घालणं बंद केलं. आतोबा अळणी आमटी जेवत राहिले. भुवई हलायची, पण आत्ती भिंतीकडं बघायची. शेवटी एके दिवशी गोदू उठली, फडताळातून भांडं काढलं आणि बापाच्या ताटाशी ठेवलं. आतोबांनी मीठ घेतलं नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तंबाखूची काढणी उरकली आणि तोच सदलग्याचा म्हातारा पुन्हा आला. या वेळी गाडीवान चुकला नव्हता. सोबत त्याच्या बहिणीचा लग्नाचा मुलगा होता. ‘हातात आल्यालं स्थळ दुसऱ्याच्या दारात निऊन ठेवलंसा तुमी,’ म्हातारा म्हणाला. ‘असल्याच घरची पोरगी पायजे आमास्नी.’ आत्ती रडत रडत आत गेली आणि आमटीत दोनदा मीठ घातलं.

लग्न झालं. पाठवणीच्या वेळी गाडी जुंपलेली, गोदू आत बसलेली, बायका डोळे पुसताहेत, आणि अचानक आतोबा जावयापुढं जाऊन हात जोडून उभे राहिले. ‘जावईबापू, एक मागतो.’

आत्तीनं तोंडावर पदर धरला. जन्मात ‘मागतो’ हा शब्द त्या तोंडातून कुणी ऐकला नव्हता.

‘हिला कधी काय मागाय लावू नकासा,’ ते म्हणाले. ‘न मागता बघा.’

गाडी गेली. आतोबा आत जाऊन दत्ताच्या तसबिरीसमोर बसले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. आत्ती समजूत घालायला लागली, ‘लेकीसाठी मागितलंसा. देव काय रागवत न्हाय.’ तसे मान खाली घालून लहान मुलासारखे म्हणाले, ‘देव तिला दील गं, ठावं हाय मला. पण मलाच दम निघंना.’

आता त्या घरातलं कुणी उरलं नाही. गोदूचा नवरा मात्र तिच्या शेवटच्या दुखण्यापर्यंत आधी तिच्या ताटाकडं बघायचा आणि मग आपला घास उचलायचा, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या घरी सुना भल्या आहेत, काही कमी नाही. पण कधी आमटी अळणी झाली तर मी उगीच क्षणभर गप्प बसून बघते. मग मीठ मागून घेते.