गंगारामाचे वरचे दात

पालीच्या अलीकडच्या गुरववाडीत गंगाराम गुरव राहायचा, आणि त्याच्या मते त्या वाडीत माणूस म्हणावा असा तो एकटाच होता. बाकीची नुसती तोंडं. शिमग्यात देवीच्या पालखीपुढे सनई वाजवायचा मान त्याच्या घराण्याचा, आणि चाळीस वर्षं तो त्यानं एकट्यानं मिरवला. एरवी लोकांच्या बागांना जांभ्या दगडाचे गडगे, म्हणजे मातीचुन्याशिवाय रचलेली कुंपणाची भिंत, रचून द्यायचा. पुतण्या केरू सनई शिकायला आला, त्याला आठ दिवसांत हाकलला. "फुंकणी घे नि चूल पेटव जा!" मागून आलेल्या दोघांची तीच गत. मग चौथा कोणी फिरकलाच नाही.

दोन हजार सातची दिवाळी झाली आणि गंगारामाच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. येणारच. पोरवयापासून सकाळ-संध्याकाळ मिश्री. सनईची पत्ती ओठांत धरली की वरचे पुढचे दोन दात डुलायचे. दात गेले तर सनई गेली, एवढं मात्र त्या अडमुठ्याला कळत होतं. म्हणून बायको यमुनाबाईनं रत्नागिरीला चला म्हटल्यावर तो पुटपुटत का होईना, एसटीत बसला.

दातांच्या डॉक्टर वैदेही लिमये वयानं लहान होत्या. मुंबईहून नवं यंत्र आणलं होतं. त्यांनी नीट समजावलं, "काका, हिरडीच्या आत निळं औषध सोडायचं. जंतू ते शोषून घेतात. मग लाल उजेड टाकला की तिथल्या तिथे मरतात. पण आधी दातांवरचं किटण खरवडायला हवं, त्याच्या खाली औषध पोचत नाही. आणि मिश्री बंद."

गंगाराम हसला. "बाय गो, उजेडानं किडे मरते, तर आमच्या आंब्यावर दिवसाढवळ्या एक माशी उरली नसती."

"मग आलात कशाला?" यमुनाबाई म्हणाली.

"तू गप. दिवा लावते म्हणते, लावूदे. पण खरवडायचं नाय. गडग्यातली चिप, फटीतला बारका दगड, काढली की अख्खा गडगा खाली बसतो. किटण म्हणजे दातांची चिप. जन्म गेला माझा गडगे रचण्यात."

"दात म्हणजे गडगा नव्हे, काका."

"मग काय ताजमहाल?"

अर्धा तास घासाघीस झाली. शेवटी गंगारामानं उपकार केल्यासारखी तोड काढली. वरचे दात सनईचे, त्यांना नुसता दिवा दाखवायचा. खालचे घ्या प्रयोगाला. नुसत्या दिव्याचा काही उपयोग नाही, हे डॉक्टरांनी तीनदा सांगितलं. पण यमुनाबाईनं हात जोडले, तेव्हा खालचे खरवडून औषध आणि उजेड, वर न खरवडताच औषध आणि उजेड, असं करून त्यांनी त्याला मोकळं केलं. परतीच्या एसटीत निळं तोंड घेऊन तो सगळ्यांना सांगत होता, "शिमग्याआधीच रंगवलंन मला!"

संक्रांतीपर्यंत खालच्या हिरड्यांचं रक्त थांबलं. दात आवळून बसले. यमुनाबाई म्हणाली, "आता तरी वरचे साफ करून घ्या."

"खालचे कशानं बरे झाले? दिव्यानं. दिवा वर पण लागलाय. होतील." आणि डॉक्टरांनी मिश्री बंद सांगितली होती, त्यांचा शब्द राखावा म्हणून ती तो आता फक्त वरच्या दातांना लावत होता. या अकलेला काय म्हणावं?

शिमगा दहा दिवसांवर असताना पेज पिताना पहिला दात पेजेबरोबर वाटीत आला. पेजेत! दुसरा तिसऱ्या दिवशी, सनईवर बोटं ठेवून दम भरताना. पत्तीतून सूर निघेना, बाजूनं वारा सुटे. यमुनाबाईनं त्याला पुन्हा रत्नागिरीला नेलं. कवळी बसेल, पण हिरडी भरायला दोन महिने लागतील, एवढंच डॉक्टर म्हणाल्या.

गंगाराम स्वतः मानकऱ्यांकडे गेला आणि तोंडावर हात धरून सांगितलं. ते म्हणाले, दुसरं कोण वाजवील? केरूला विचारलं. तो हात जोडून म्हणाला, मला येत नाही. खोटं नव्हतं ते. वाडीत कोणालाच येत नव्हतं.

पालखी निघाली ती नुसत्या ढोल-ताशावर. गंगारामाच्या अंगणात आली, बायकांनी ओटी भरली. मग ढोलवाले सवयीनं थांबले, कारण इथे आधी सनई व्हायची. सगळी वाडी खाली बघत उभी राहिली. कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं, गंगारामानं त्याला चार शिव्या तरी घातल्या असत्या. तो एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला, दोष कोणाला द्यावा ते शोधत. शेवटी ढोलवाल्यानं काठी उचलली, पालखी पुढच्या दाराला निघाली, आणि गंगाराम पायरीवर बसून यमुनाबाईच्या देखत रडला.