बांधून ठेवलेलं घर

सामान हलवणाऱ्या कंपनीत तिला सगळे टेपमावशी म्हणत. खोकी चिकटवायच्या खाकी टेपचं वेटोळं कायम तिच्या मनगटात असे, बांगडीसारखं. काच बांधावी तर टेपमावशीनेच. पेल्यात कागदाचा बोळा, पेल्याभोवती कागद, मग पुठ्ठ्याचा कप्पा. खोकं जिन्यावरून गडगडलं तरी आतला पेला हूं की चूं करणार नाही. तिचा नियम एकच होता. दिसेल ते बांधायचं. हे घ्यायचं का, ते टाकायचं का, असं विचारलं की घरातली बाई रडायला बसते आणि गाडी खोळंबते.

अशा बाईच्या हातून गिऱ्हाइकाचा आरसा निसटला. दारावरची बेल वाजली, मावशी दचकली आणि पुरुषभर उंचीचा आरसा फरशीवर चुरा होऊन पडला. घरमालकीण किंचाळली, पण खरी हादरली मावशीच. तिचा उजवा हात थरथरत होता आणि काही केल्या थांबत नव्हता. आठवडा झाला तरी थरथर सुरूच. झोपेतसुद्धा हात चादरीवर हलत राही.

डॉक्टरांनी सगळं तपासलं. "नसा ठीक आहेत, छाती ठणठणीत आहे. कसलं टेन्शन घेता?"

"मला कसलं आलंय टेन्शन? घर स्वतःचं आहे," मावशी म्हणाली.

सुपरवायझरने सुट्टी दिली. "हात थांबला तर काच तुमचीच, मावशी. नाही तर तुम्हाला गाद्यांवर घेतो." ते ऐकून तिच्या तोंडचं पाणी पळालं. जिने काचेची झुंबरं बांधली, तिने आता गाद्यांना दोऱ्या मारायच्या?

सुट्टीत ती घरी बसली, म्हणजे खोक्यांमध्ये बसली. बाहेरच्या खोलीची एक अख्खी भिंत खोक्यांनी भरली होती. पलंगाखाली खोकी, बाल्कनीत खोकी. फार वर्षांपूर्वी एका घरमालकाने दुपारी येऊन सांगितलं होतं, संध्याकाळपर्यंत खोली मोकळी करा. तेव्हा मुलगा रांगत होता. मावशीने त्या दुपारी घर बांधलं आणि त्यातलं निम्मंअधिक पुन्हा सोडलंच नाही. पुढे भाड्याच्या खोल्या बदलल्या, मग मुलाने कर्ज काढून हा फ्लॅट घेतला, तरी खोकी तशीच. शाळेत शिपाई असलेला तिचा नवरा आता निवृत्त झाला होता. तो म्हणायचा, "विंचवाचं बरं असतं. त्याच्या बिऱ्हाडाला टेप तरी लागत नाही."

नवी सून आली तेव्हा चार दिवस गप्प होती. पाचव्या दिवशी तिने विचारलं, "आई, आपण कधी जाणार आहोत?"

"कुठे?"

"ते मला काय माहीत? सामान बांधलेलं दिसतंय म्हणून विचारलं."

सासरा खो खो हसला. मावशी आठवडाभर सुनेशी बोलली नाही.

सुट्टीतल्या एका सकाळी बेल वाजली. मावशीने भिंत धरली. सुनेने दार उघडलं तर शेजारीण होती, नळ आवळायचा पान्हा मागायला आलेली. पान्हा देऊन सून वळली, तर सासूबाई एका खोक्याला मिठी मारून खाली बसल्या होत्या.

"आई! कोण आलं असं वाटलं तुम्हाला?"

"घरमालक," मावशीच्या तोंडून निघून गेलं.

सून बघतच राहिली. "अहो, घरमालक तुम्हीच आहात की!"

हात खोक्यावर टकटक वाजत होता. सुनेने हळूच विचारलं, "यात काय आहे?" खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, काच, सांभाळून.

"चांगले पेले असतील. टेम्पोत हे मी मांडीवर घेऊन बसायचे. यांनी एकदा कुकरखाली ठेवलं, तर दोन दिवस अबोला धरला होता मी."

"मग आज त्यातून पाणी पिऊ या." आणि मावशी नको म्हणायच्या आत सुनेने टेप ओढली.

वर कागद. कागदाखाली कागद. त्याखाली, चारही बाजूंनी बोळे कोंबून नीट बसवलेली, प्लास्टिकची कचऱ्याची बादली. भरलेली. काळी पडून कातड्यासारखी झालेली सालं, मातीसारखा चहाचा चोथा, दात पडलेला कंगवा, दुधाची रिकामी पिशवी.

नवराही आतून येऊन वाकून बघू लागला. मावशीचे डोळे बादलीवर खिळले होते. त्या दुपारी दिसेल ते बांधलं होतं तिने, नियमाप्रमाणे, आणि घाईत 'काच' भलत्याच खोक्यावर लिहिलं गेलं होतं.

"म्हणजे इतकी वर्षं..." नवऱ्याने तोंड उघडलं आणि बायकोकडे बघून मिटलं.

"कचरा," मावशी म्हणाली. "मी मांडीवर कचरा घेऊन बसले. पोराला खाली ठेवलं होतं, टेम्पोच्या पत्र्यावर."

ती उठली. बादली तिने स्वतः खाली नेऊन टाकली. वर आली आणि दुसरं खोकं फोडलं.

दोन-तीन दिवस घरात नुसती धूळ होती. कुठल्याच खिडकीला न बसणारे पडदे निघाले, मुलाचे वीतभर सदरे, झाकणं नसलेले डबे, डबे नसलेली झाकणं. प्रत्येक वस्तूपाशी मावशी अडायची. "हे लागेल." "कशाला लागेल, आई?" याचं उत्तर मिळालं नाही, की वस्तू दाराबाहेर जायची. एका सदऱ्यावरून तर कडाक्याचं भांडण झालं. सदरा राहिला. शेवटचं खोकं मात्र तिने पायाने मागे सारलं. "एक असू दे बांधलेलं. वेळ सांगून येत नाही." सुनेनेही ताणलं नाही.

त्याच दिवशी दुपारी सून भाजी घेऊन आली आणि दारातच तिच्या हातून पिशवी सुटली. रिकाम्या झालेल्या भिंतीखाली, नुसत्या फरशीवर, सासूबाई आडव्या पडल्या होत्या. दिवसाउजेडी आडवी झालेली मावशी या घरात कुणी पाहिली नव्हती. पण पिशवी सुटली ती त्यामुळे नाही. उजवा हात फरशीवर उताणा पडला होता आणि हलत नव्हता.

"बाबा! अहो बाबा, आईंना बघा!"

म्हातारा धावत आला, गुडघ्यांवर पडला, बायकोला गदागदा हलवू लागला. "अगं ए! अगं, ऊठ ना!"

मावशीने डोळे उघडले. "काय झालं? कोण आलंय?"

"कुणी नाही," सून रडतच म्हणाली. "तुमचा हात..."

मावशीने हात उचलून डोळ्यांसमोर धरला. बोटं ताणली, मूठ मिटली, पुन्हा उघडली. कुणा परक्याचा हात असावा तशी त्याच्याकडे टक लावून बघत राहिली.

"अगं बाई," ती पुटपुटली.

मग कुशीवर वळली. "भाज्या गोळा कर आधी. आणि हलवू नका मला कुणी. झोप लागलीय."