दादा नळावर फ्रेंच बोलले

"व्हॉट आर यू?" सरांनी विचारलं.

मी उभी राहिले. शेवटचा बाक, खिडकीकडचा. अकरावीचं वर्ष, फ्रेंचचा पहिलाच तास. सर म्हणाले होते, आज मागून सुरुवात करू. म्हणून पहिली मी.

"बी. सी., सर," मी म्हणाले.

वर्ग हसला. असा हसला की व्हरांड्यातून जाणारी मुलं दारात थांबून आत बघू लागली. मला कळेना काय चुकलं. आठवड्यापूर्वीच याच कॉलेजात, प्रवेशाच्या खिडकीत, क्लार्कने मला हेच विचारलं होतं. "व्हॉट आर यू? ओपन का बी. सी.?" मी बी. सी. म्हणाले आणि त्याने शिक्का मारला. त्याआधी शाळेतही तेच. शिपाई वर्गात यायचा, बी. सी.वाल्यांनी उभं राहा म्हणायचा, आम्ही उभे राहायचो. सुटीत आजोळी नांदगावकडे गेलं की पारावरचं कुणीतरी विचारायचं, "कोणाची गं तू?" त्यालाही बापाचं नाव नको असायचं. जन्मापासून मला 'तू कोण' असं ज्याने विचारलं त्याला एकच गोष्ट हवी होती. मी ती जिभेवर तयार ठेवलेली होती. सरांनी विचारलं आणि ती बाहेर पडली.

सरही हसले. नंतर हात वर करून वर्गाला म्हणाले, "हसू नका. जे आहे तेच बोलली ती." आणि माझ्याकडे न बघता, "नेक्स्ट."

पुढच्या बाकावर डॉक्टरांची मुलगी होती. ती उठली. "आय ॲम इंडियन."

"गुड. आता फ्रेंचमध्ये. ज स्वी अँद्येन."

"ज स्वी अँद्येन," ती म्हणाली. मग तिच्या पुढची. मग मुलं. वकिलाचा मुलगा, बागायतदाराचा मुलगा, पेढीवाल्याचा मुलगा. एकेक जण उठला, आधी इंग्रजीत भारतीय झाला, मग फ्रेंचमध्ये भारतीय झाला आणि खाली बसला. सगळा वर्ग भारतीय होऊन संपला. माझ्याकडे परत कुणी आलं नाही. मी अजून उभीच होते. खाली बस असंही कुणी म्हणालं नव्हतं. मी आपली आपण बसले.

फ्रेंच मी का घेतलं होतं तेही सांगते. दुसरा पर्याय संस्कृतचा होता. त्या वर्गात आमच्यातल्या मुलींना धड बसू देत नाहीत असं ऐकलं होतं. मला वाटलं, फ्रेंच सातासमुद्रापलीकडून आलेली भाषा, तिला आपली जात काय ठाऊक. किती भाबडी होते मी. भाषेला ठाऊक नव्हती. शिकवणाऱ्याला ठाऊक होती.

त्या दिवसापासून वर्गात माझं नाव बीसी पडलं. सर फळ्यावर देश आणि त्यांची माणसं लिहायचे. फ्रान्सचा फ्रेंच, इटलीचा इटालियन, इंग्लंडचा इंग्लिश. मुलांच्या बाकांवरून कुणीतरी हळूच विचारायचं, "सर, आणि बी. सी.?" सर फळ्याकडे तोंड करून लिहीत राहायचे. त्यांचे खांदे हलताना दिसायचे. मी मान खाली घालून वहीत लिहायचे. अक्षर माझं चांगलं होतं. उच्चारही चांगले होते, हे सरांनीच एकदा सांगितलं, तेही नवल वाटल्यासारखं.

एक गोष्ट मनात राहून गेली होती. ते वाक्य मी एकदाही मोठ्याने म्हटलं नव्हतं. देशावरचं प्रेम उतू चाललं होतं असं नाही. देशाने आमच्या वस्तीला काय दिलं ते मला दिसत होतं, दोन नळ आणि एक दिव्याचा खांब. पण जे वर्गातल्या प्रत्येकाला फुकट मिळालं ते माझ्यापाशी येऊन वळसा घालून पुढे गेलं, हे टोचायचं. घरी भांडी घासताना मी ते पुटपुटायचे. भांडी वाजवत, म्हणजे आईला ऐकू जाऊ नये.

थंडीत सरांनी सांगितलं की त्यांच्या ओळखीचं एक फ्रेंच जोडपं नाशिकला येतंय. दोघंही तिकडे शाळेत शिक्षक. गंगाघाट बघतील, पांडवलेणी बघतील आणि तासभर आपल्या कॉलेजात येतील. प्रत्येकाने उठून बोलायचं. आधी इंग्रजीत मी भारतीय आहे, मग फ्रेंचमध्ये मी भारतीय आहे, मग स्वतःविषयी एखादं वाक्य. मी सतार वाजवते. माझे वडील डॉक्टर आहेत. आमची द्राक्षाची बाग आहे.

मला सरांनी तासानंतर थांबवलं.

"हे बघ, तुझं थोडं वेगळं ठेवू या," ते म्हणाले. आवाज मायेचा होता. कागदावर त्यांनी तीन वाक्यं लिहून दिली. 'ज व्यँ द्युन बास कास्त' अशी सुरुवात होती. मी एका खालच्या जातीतून आले आहे. मी गरीब आहे. सरकार माझ्या शिक्षणाचा खर्च करतं.

मी वाचलं. अर्थ लागला.

"सर, आधी इंडियन म्हणू ना?"

"सगळे तेच म्हणणार आहेत गं. पाहुण्यांना कंटाळा येईल. तुझं जे वेगळं आहे ते सांग ना. त्यांनाही कळू दे, आपण तुम्हा लोकांना कसं पुढे आणतोय."

"हो सर," मी म्हणाले. आणि वर, "थँक यू, सर."

हे थँक यू मला आजही झोंबतं. कुणी लावलं नव्हतं म्हणायला. शिवाय खरं सांगायचं तर मनात कुठेतरी बरंही वाटलं होतं. इतरांना स्वतःविषयी एक वाक्य, मला तीन. सरांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलेली. शरमेची गोष्ट अशी की अपमानातही मी माझा वाटा मोजून बघत होते.

घरी मी पाठ करायला बसले. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते देवळालीच्या लष्करी छावणीत मेसमध्ये वाढायचं काम करायचे. सायकलने जायचे, सायकलने यायचे. इंग्रजीचे पाच-पन्नास शब्द त्यांच्या कानावर पडलेले, त्यांचा त्यांना भारी अभिमान. मी कॉलेजात फ्रेंच शिकते हे त्यांनी मेसमधल्या प्रत्येकाला सांगून ठेवलं होतं.

"काय म्हणती गं?" त्यांनी विचारलं. पायातले बूट काढत होते.

"परदेशी पाहुणे येणारेत, दादा. त्यांच्यापुढे बोलायचंय."

"काय बोलायचं?"

"सगळी मुलं म्हणणारेत, मी भारतीय आहे."

ही गोष्ट खरीच होती. सगळी मुलं तेच म्हणणार होती. दादांनी मान डोलावली.

"म्हण बरं परत. आयकू दे."

मी म्हटलं. ज व्यँ द्युन बास कास्त. दादा माझ्या तोंडाकडे बघत होते. "ज ब्या द्यून बासकास," ते म्हणाले. त्यांनी परत म्हटलं. आई चुलीपुढून म्हणाली, "आता म्हातारपणी हे येड कुठून लागलं?" दादा हसले. "लय गोड भाषा हाय गं. मेसमधी सांगतो उद्या." चार-पाच वेळा घोकून त्यांनी ते पाठच केलं. मी त्यांना थांबवायला तोंड उघडलं आणि मिटलं. काय सांगणार होते? दादा, याचा अर्थ तसा नाही? मग कसा, असं त्यांनी विचारलं असतं.

पाहुणे येणार त्या दिवशी सकाळी मी घागर घेऊन नळावर गेले. पाण्याला रांग होती. दादा रांगेत पुढे उभे होते आणि त्यांच्याभोवती घोळका. शेजारचे मामा म्हणत होते, "म्हणा की परत."

दादांनी बादली खाली ठेवली. उजवा हात छातीवर ठेवला. ताठ उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "ज ब्या द्यून बासकास."

"म्हंजे काय?"

"म्हंजे, मी भारतीय हाय. फ्रान्सच्या भाषेत. आमची पोरगी आज म्हननार हाय, गोऱ्या लोकांपुढं."

बायांनी तोंडाला पदर लावून कौतुकाने हसून घेतलं. मामांनी म्हणून बघितलं. लहान पोरांनी तर धरूनच ठेवलं. छातीवर हात ठेवून पोरं नळाभोवती ओरडत होती, बासकास, बासकास. माझी सगळी वस्ती त्या सकाळी स्वतःला खालच्या जातीची म्हणत होती, हसत हसत, अभिमानाने. आणि त्यातल्या एकट्या मला ते समजत होतं.

मी रिकामी घागर घेऊन मागे फिरले. घरामागे जाऊन बसले. रडू आलं नाही. सरांनी ते माझ्या तोंडात घातलं, ते मी चालवून घेतलं होतं. माझ्या तोंडातून ते माझ्या बापाच्या तोंडात गेलं, आणि त्याने ते छातीवर हात ठेवून म्हटलं. तिथे बसल्या बसल्या मी तो कागद फाडला. फाडून काही उपयोग नव्हता, पाठ तर झालंच होतं.

कॉलेजच्या हॉलमध्ये सतरंजी घातली होती, पाहुण्यांना गुलाबाचे हार होते. दोघंही साधे, मध्यम वयाचे, उन्हाने लाल झालेले. एकेक जण उठला. भारतीय, भारतीय, सतार, डॉक्टर, द्राक्षं. पाहुणे प्रत्येकाला टाळ्या वाजवत होते. सरांनी मला शेवटी ठेवलं होतं.

माझी वेळ आली. सर खुर्चीत पुढे सरकून बसले.

"आय ॲम इंडियन," मी म्हणाले. "ज स्वी अँद्येन."

आणि थांबले.

"पुढे," सर म्हणाले. हसतमुखाने.

"पुढे नाही, सर. एवढंच."

"अगं, विसरलीस का? ज व्यँ..." त्यांनी मला सुरुवात करून दिली.

"विसरले नाही, सर. म्हणणार नाही."

पाहुण्यांना मराठी कळत नव्हतं. त्यांनी इतरांना वाजवल्या तेवढ्याच टाळ्या मलाही वाजवल्या. त्यांच्या लेखी काहीच घडलं नव्हतं, आणखी एका मुलीने तेच वाक्य म्हटलं होतं. सर त्यांच्याकडे वळले आणि मी न बोललेलं ते सगळं त्यांनी स्वतः फ्रेंचमध्ये बोलून टाकलं. बास कास्त मला नीट ऐकू आलं. पाहुण्या बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्या नजरेत कीव होती. म्हणजे मी नाही म्हणूनही ते सांगितलं गेलंच. आता मात्र ते सरांच्या तोंडून गेलं, माझ्या नाही. एवढाच फरक मला करता आला.

संध्याकाळी दादा सायकल लावून आत आले. पहिलाच प्रश्न, "म्हटलं का?"

"म्हटलं. पण तुम्ही पाठ केलंत ते नाही."

मी सांगितलं. सगळं. खाली मान घालून, त्या तिन्ही वाक्यांचा अर्थ मराठीत. आईचे हात पिठात तसेच थांबले.

दादांनी बूट काढून कोपऱ्यात ठेवले. मग म्हणाले, "मेसमधी बी म्हनलो मी. साहेबांपुढं."

"दादा, खरं वाक्य शिकवते तुम्हाला. सोपं आहे."

"नको," ते म्हणाले. "मी मराठीत म्हनीन."

ते मला रागावले असते तर सोसलं असतं. ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी नळावर पाण्याला आई गेली. पोरं तिच्याभोवती बासकास करत होती. तिने एकाच्या पाठीत धपाटा घातला. पोराला कळेना का मारलं. तीही सांगू शकली नाही.

त्याच दिवशी फ्रेंचचा तास होता. सरांनी मला उभं केलं. पाहुण्यांपुढे कॉलेजची शोभा केली म्हणाले. "कालसाठी लिहून दिलेलं म्हण. म्हणशील तेव्हा बस."

मी उभी राहिले. वर्ग लिहीत होता, फळा भरत होता, पुसला जात होता. कुणीतरी हळूच बीसी म्हणालं, एकदोघं हसली. त्यातल्या एकीचे डोळे खाली गेले, तेही मी पाहिलं. घंटा झाली. पुढच्या तासालाही मी उभी होते. त्याच्या पुढच्यालाही. तोंडी परीक्षेचे गुण त्यांच्या हातात होते, ते त्यांनी कापले. कापू देत.

सरांना वाटलं, मी दमेन. पाय दुखत होते, दमले होते, खोटं कशाला सांगू. शरमही तशीच होती. दादांचा तो छातीवरचा हात मला तेव्हा दिसत होता आणि मरेपर्यंत दिसणार आहे, तो कुठल्या गुणांनी पुसला जायचा नाही. पण तिथे उभं राहून मी पक्कं केलं. माझ्याविषयीचं दुसऱ्याने रचलेलं एकही वाक्य यापुढे माझ्या तोंडून निघणार नाही. मायेने दिलेलं असो, कुठल्याही भाषेतलं असो. ते माझ्या घराच्या उंबऱ्याच्या आत मी येऊ देणार नाही.