दोन बोटं सैल

राजूरच्या शाळेवर बदली होऊन आलो, त्या आठवड्यातच शर्टाचं कापड घेऊन रंगनाथ टेलरांच्या दुकानात गेलो. त्यांनी गळ्यातली टेप काढून छाती मोजली, बाह्या मोजल्या. मी सहज म्हणालो, "जरा सैल ठेवा." त्यांनी टेप पुन्हा गळ्यात टाकली आणि कापडाची घडी माझ्या हातात परत दिली.

"सैलच पायजे तर पोतं घाला, गुरजी. त्याला टेलर कशाला लागतोय?"

बरं शिवणारं गावात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी माघार घेतली. त्या शर्टात श्वास जपून घ्यावा लागायचा, पण आरशात मी बरा दिसत होतो. 'वाढत्या अंगाचं शिवा' म्हणणाऱ्या आयाबापांशी तर त्यांची रोज हुज्जत चाले. "वाढल तवा घेऊन या. आज जेवढं हाय तेवढ्याचंच शिवीन," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

असा हा माणूस रविवारी पहिल्या एसटीने धरणावर मासे धरायला जाई. गळ्यात टेपेखाली तुळशीची माळ होती, त्यामुळे मासा घरी न्यायचा प्रश्नच नव्हता. मिळेल तो काठावर भेटेल त्याला देऊन टाकत. एका रविवारी मीही सोबत गेलो. त्यांनी गळ पाण्यात फेकला आणि नायलॉनचा दोरा डाव्या हाताच्या पहिल्या बोटावर घेऊन बसले.

"मासा आदी वास घेतो, मंग ढुसनी देतो, मंग तोंडात घेतो. तिनी येळंला बोटाला येगळं कळतं," ते म्हणाले. "आठवडाभर बोटं लोकांसाटी चालत्यात, गुरजी. येवढं एक माजं हाय."

डिसेंबर होता. पाण्यावरून वारा सुटला आणि त्यांची बोटं माझ्या देखत खडूसारखी पांढरी पडत गेली. मासा आमिष खाऊन गेला तरी त्यांना पत्ता नाही. चहाच्या टपरीत चुलीपाशी हात धरले तेव्हा बोटं आधी निळी झाली, मग लाल, आणि त्यांची आग आग होऊ लागली. दवाखान्यात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हातांत रक्त नीट फिरत नाही, थंडीत उघडे ठेवाल तर बोटं काळी पडतील, कापावी लागतील. बोटं गेली की मशीन गेलं. आता गळ सुटणार असं मी धरून चाललो होतो. ते म्हणाले, "हातमोजं बगू की."

आठवडी बाजारातले लोकरीचे घेतले, ते एकदा भिजले की दिवसभर भिजलेलेच राहत. मग रबरी आणले. त्यांत पाणी शिरेना, पण हात जास्तच गारठले. शेवटी मी कामाला नगरला गेलो होतो, तेव्हा जुन्या बाजारातून मिलिटरीतले चामडी हातमोजे आणले, आतून लोकर लावलेले. मोठी कामगिरी केल्यासारखं मला वाटत होतं. त्यांनी हातात चढवून बोटं हलवली.

"हे हातमोजं न्हाईत, गुरजी. उशीची खोळ हाय."

चार दिवसांत त्यांनी ते उसवले, लोकर काढून टाकली, चामडं कापलं आणि हाताची दुसरी कातडी वाटावी इतके नेमके बेतले. दोरा बोटाला कळू लागला. दुकानात येईल त्याला हात पुढे करून दाखवत, "बगा, एक चुनी न्हाई!"

दोन रविवार गेले आणि दोरा घ्यायच्या त्याच बोटाचं टोक काळपट पडलं. सुई टोचलेली त्यांना कळेना. मी ओढतच त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हातमोजे उलटसुलट करून पाहिले.

"कुणी शिवले हे?"

"मीच," टेलर ऐटीत म्हणाले.

"मग बोट तुम्हीच मारताय! एवढं आवळल्यावर रक्त जाणार कुठून? सैल घाला. आत जागा राहिली तर ऊब राहील."

मला त्यांची फार कीव आली. ज्या फिटिंगच्या जिवावर आयुष्यभर मान ताठ ठेवली, तेच अंगलट आलं होतं. दुकानात येऊन त्यांनी जुनी कांबळ काढली आणि तिच्या अस्तराचे, वरून मेणकापडाचे नवे हातमोजे शिवले. अंगठा वेगळा, बाकी चारी बोटं एकाच पिशवीत, आणि पिशवी इतकी ढगळ की आत मूठ वळावी. आता दोरा बोटाला कळणं शक्य नव्हतं. म्हणून काठावर काठी रोवून तिला बैलाचं घुंगरू बांधलं आणि दोरा तिच्यावरून घेतला. मासा लागला की घुंगरू वाजे.

"मासा लागल्याचं कानाला कळतं," ते म्हणाले. "वास घेतल्याचं न्हाई कळत."

बोट वाचलं. मात्र टोकाला गेलेली जाणीव परत आली नाही.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात माझी जामखेडला बदली झाली. एसटीपाशी टेलरांनी कागदात गुंडाळलेला शर्ट माझ्या हाती दिला. माप कधी घेतलंत, विचारलं तर म्हणाले, "डोळ्यात हाय." जामखेडला घालून पाहिला. कॉलर नेमकी, खांदे नेमके, पण अंगात सैल. बोटाबरोबर नजरही गेली की काय, असं वाटलं. नीट पाहिलं तेव्हा दोन्ही बगलांत बरोबर दोन-दोन बोटं जागा सोडलेली होती आणि शिवण सरळ रेषेत होती. हे चुकून झालेलं नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत जाऊन विचारायचं ठरवलं होतं, पण त्याआधीच ते गेल्याचं पत्र आलं.

पुढे जामखेडच्या शिंप्याकडे पायजम्याचं कापड घेऊन गेलो, तेव्हा अंगात तोच शर्ट होता. त्याने बगलेत चिमूट धरून पाहिली.

"मास्तर, ढगळ हाय की हो. दोन बोटं आत घिऊ का?"

"नको," मी म्हणालो. "माझ्या मापाचाच आहे."