सासऱ्यांचा प्लॉट आणि जपानचा वाटा

माझे सासरे ठणठणीत आहेत, हे आधीच सांगून टाकते. पुढचं ऐकून लोक उगाच सांत्वनाला येतात.

आम्ही टोकियोत, कोतो नावाच्या भागात राहतो. नवरा नितीन आयटीत. व्हिसा वाढवायला रांगेत बसायचा मला मनस्वी कंटाळा, म्हणून त्याच्या मागे लागून मी कायमच्या वास्तव्याचा परवाना काढायला लावला. तो मिळाल्यावर दुधाच्या पावडरीचे पेढे वळून अख्ख्या मजल्यावर वाटले. (शेजारच्या आजींनी दुसऱ्याच दिवशी परतफेड म्हणून टॉवेल आणून दिला. इथे फुकट काहीच पचत नाही, हे तेव्हाच कळायला हवं होतं.)

तेव्हा सासरे, म्हणजे बाबा, पुण्याहून आमच्याकडे आले होते. बाणेरला त्यांचा प्लॉट आहे. घेतला तेव्हा तिथे कोल्हे फिरायचे, आता बिल्डर फिरतात. नितीनच्या थोरल्या बहिणीला, मेधाताईंना, फ्लॅट दिलेला, त्यामुळे "प्लॉट नितीनचा" हे ठरलेलं. म्हातारपणी परत जाऊन राहायचं म्हणून मी त्यावर मनातल्या मनात घर बांधूनही टाकलं होतं. पुढे झोपाळा, मागे कढीपत्ता. लेकीलाही झोपवताना त्याचंच वर्णन ऐकवायचे.

एक दिवस घरकर्जाचं विचारायला करसल्लागार साइतो-सानकडे गेलो. बाबाही आले, ऑफिस बघायला. बोलता बोलता मीच फुशारकी मारली, "पुण्यात सासऱ्यांचा मोठा प्लॉट आहे, तो आम्हालाच मिळणार!"

साइतो-साननी दातांतून हवा आत ओढली. जपानमध्ये माणसानं अशी हवा ओढली की समजावं, आपलं काही खरं नाही.

"काय म्हणतायत?" बाबांनी विचारलं.

"बाबा, म्हणजे समजा, तुमच्यानंतर," नितीन चाचरला, "प्लॉट मला आला तर इथे वारसा कर भरावा लागेल. मालमत्ता मोठी तर करही मोठा. मध्ये वाढवलाय म्हणे."

"बाणेरच्या जमिनीवर जपानचा कर?"

"कायमचा परवाना घेतला ना. साध्या नोकरीच्या व्हिसावर असतो तर अजून काही वर्षं सुटलो असतो."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कुंडीतल्या रोपाकडे पाहिलं.

"मग आत्ताच बक्षीसपत्र करतो." साइतो-साननी हवा ओढली. तो कर आणखी कडक.

"विकून पैसे देतो." पुन्हा हवा.

"मग मी मरायचं कधी, तेवढं विचार त्यांना!"

आणि नितीननं खरंच विचारलं! (इंजिनिअर आहे, सांगितलं ते करतो.) साइतो-साननी अदबीनं बाबांच्या तब्येतीची चौकशी केली. बाबा म्हणाले, रोज सूर्यनमस्कार घालतो.

"छान," साइतो-सान वाकून म्हणाले, "मुलगा जपान सोडेपर्यंत घालत राहा."

त्या दिवसापासून बाबांनी तळलेलं सोडलं. रस्त्यात सायकल दिसली की भिंतीला चिकटून उभे राहायचे. आमची सात वर्षांची इरा एकदा जेवताना म्हणाली, "आजोबा, दाइजोबू? बरे आहात ना? प्लीज डोन्ट डाय, ममाला झोपाळा हवाय."

बाबांनी ताट बाजूला केलं. "पोरांना काहीतरी ठेवून जावं म्हणून जन्मभर एकच स्कूटर चालवली," ते म्हणाले. "आता मरायचंही तुमच्या सोयीनं." मला इतकी लाज वाटली की भांडी घासायच्या निमित्तानं मी ओट्याशी जाऊन रडले.

पुण्याला परतल्यावर बाबांनी प्लॉट मेधाताईंच्या नावावर केला. "तिला तिथला कर नाही," फोनवर म्हणाले. "तुझ्यावर राग नाही हं, अनू. आता सुखानं भजी खातो."

ताईंनी तिथे घर बांधलं. वास्तुशांतीला गेलो. पुढे झोपाळा, मागे कढीपत्ता, आणि आमच्यासाठी पाहुण्यांची खोली. मी खोलीत बॅग ठेवतेय तोच ताईंनी हातात पेढ्यांचा बॉक्स दिला.

"तूच वाट गं, तुला सवय आहे."