पाय बघणारे ड्रेसरकाका

माणसाच्या तोंडाकडे न बघता अख्खी नोकरी काढलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो म्हणजे आमच्या ग्रामीण रुग्णालयातले ड्रेसरकाका. जखमा धुणं, मलम लावणं, पट्ट्या बांधणं हे त्यांचं सरकारी काम. समोर येईल त्याचे पाय बघणं हे त्यांनी आपणहून लावून घेतलेलं वेड. आमच्या डॉक्टर मॅडम एकदा लांबसडक केस कापून आल्या. शिपायापासून सिस्टरपर्यंत सगळ्यांना बोलायला विषय मिळाला, काकांना मात्र आठवडाभर पत्ता नव्हता. पण मॅडमनी नवी चप्पल घातली त्या दिवशी काका पायरीवरच म्हणाले, "मॅडम, ही टाच कापणार. दोन दिवसांनी माझ्याकडेच याल." मॅडम तिसऱ्या दिवशी गेल्या.

मला त्यांनी पहिल्यांदा पाहिलं, म्हणजे माझे पाय पाहिले, तेव्हा मी सहावीत होते. आमचं घर मिठागराच्या बांधाला लागून. बाबा मिठागरात कामाला. उन्हाळाभर खाऱ्या पाण्यात उभं राहून लाकडी फावड्यानं मीठ ओढायचं, आणि पावसाचे चार महिने काम बंद, म्हणून जो बोलावेल त्याच्याकडे जायचं. कुणाची लावणी, कुणाचं गटार. मिठानं त्यांच्या टाचा अशा फुटायच्या की आई रोज कोकमतेल गरम करून त्या भेगांत भरायची आणि बाबा भिंतीकडे तोंड करून बसायचे. त्या वर्षी घरात दोन दिवस पाणी होतं. चूल पाण्यात, आम्ही माळ्यावर. खाली उतरताना बाबांच्या तळव्यात पत्रा घुसला. ते रुग्णालयात गेले, ड्रेसरकाकांनी जखम धुतली, झकास पट्टी बांधली आणि बजावलं की पट्टी भिजवायची नाही. बाबा हो म्हणाले आणि गेटाबाहेर पडले. गेटाबाहेर गुडघाभर पाणी होतं, आणि आमचं घर त्या पाण्याच्या पार दुसऱ्या टोकाला होतं.

आठ-दहा दिवसांनी ताप आला, मग डोळे पिवळे झाले. शेजारपाजारच्यांनी कावीळ ठरवली आणि बाबांना तीन सकाळी काविळीचं झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे नेलं. चौथ्या दिवशी रुग्णालयात आणलं, तिथून ते घरी आले नाहीत. मी व्हरांड्यात अनवाणी उभी होते. काका आले, माझ्या पायांकडे बराच वेळ बघत राहिले, खिशातून केळीच्या सोपटात गुंडाळलेलं सुकेळं, म्हणजे वाळवलेलं केळं, काढून माझ्या हातात दिलं आणि आईला म्हणाले, "वहिनी, पट्टी मी चांगली बांधली होती." मला त्या वयात वाटलं, हा माणूस अशा वेळीसुद्धा स्वतःची फुशारकी मारतोय.

पुढे आई सांडोरच्या बागांतून केळी-भाजीच्या कामाला जायला लागली. तिथे तिच्यासाठी शब्द काकांनी टाकला होता, त्यांचं घर त्याच गावात. हे मला फार उशिरा कळलं. मी शिकले. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली, आणि हे सांगताना मला संकोच वाटत नाही. कुणी विचारलं नाही तरी सांगते. बी.एस्सी. झाले, रक्त तपासायचा कोर्स केला आणि त्याच रुग्णालयात प्रयोगशाळेत लागले. पहिल्या दिवशी नवा ड्रेस, नवी पर्स, गळ्यात ओळखपत्र असा सगळा थाट करून गेले. काकांनी त्यातलं काहीच पाहिलं नाही. सँडलमधून डोकावणाऱ्या अंगठ्याकडे बघून म्हणाले, "मिठागरवाल्याची पोर ना तू? अंगठा बापाचा आहे."

पायांवरून माणसाचं गाव सांगणं हा तर त्यांचा हातखंडा. कालवांच्या शिंपल्यांनी कापलेले, आडवेतिडवे व्रण असलेले पाय दिसले की राजोडीचे. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या असलेले पाय भातवाल्यांचे. गोरेपान, मऊ, एका जागी सुजलेले पाय म्हणजे चिंचोटीच्या धबधब्यावर घसरलेली शहरातली मंडळी. त्यांच्या बुटांची काका कात्रीनं लेस कापताना मनापासून हळहळायचे, पायापेक्षा जास्त. लग्नाला गेले तर मांडवात सगळे नवरीच्या शालूकडे बघत असताना हे नवरदेवाच्या पायांकडे बघायचे. एकदा भर पंगतीत त्यांनी मुलीच्या बापाला सांगितलं की जावई चांगला आहे, फक्त डाव्या करंगळीचं नख बघून घ्या. त्या घरचं आमंत्रण पुन्हा आलं नाही.

त्यांच्या टेबलावर रोज एक कुस्ती चालायची. वयानं मोठा, केस पांढरे झालेला माणूस आपल्या पायाला हात लावतो म्हटल्यावर आमच्याकडची माणसं अवघडतात. काका पाय धरायचे, पेशंट मागे ओढायचा, "काका, नका, पाप लागंल मला," म्हणायचा. काका म्हणायचे, "पाप नंतर बघू, आधी पू बघू." आणि पट्टी झाली की पेशंट उतरून, लंगडत, हिशेब फेडल्यासारखा काकांच्या पाया पडायचा. दिवसाला तीस-चाळीस माणसांनी पाया पडावं हे आमच्या रुग्णालयात दुसऱ्या कुणाच्या नशिबी नव्हतं. खुद्द मॅडमच्याही नाही. पण पाया पडताना कोण नीट पाय बघतं? डोळे मिटलेले असतात.

मला ते एकच काम सांगायचे, दोन पावसाळे सांगत होते. "तू शिकलेली. एक अर्ज लिही. गेटाजवळ ओटा पाहिजे, दोन नळ पाहिजेत. आत येणाऱ्यानं पाय धुवावे, जाताना कोरडे करून मलम लावून जावं." मी लिहिते म्हणायचे. मला त्यात घाई करण्यासारखं काही दिसत नव्हतं. ओटा ही काय अर्ज करायची गोष्ट आहे, असंही मनात यायचं. पदवीचा मला उपयोग होता तसा थोडा माजही होता.

मग तो पाऊस आला. पाऊस आणि भरती एकत्र. सकाळी ओपीडीत घोट्याएवढं पाणी होतं, दुपारी खुर्च्या तरंगत होत्या. पेशंट वर हलवले, औषधांचा फ्रीज चौघांनी उचलून जिन्यात नेला, माझी मशिनं टेबलावर टेबल ठेवून चढवली. गेटापासून रस्त्यापर्यंत काळं पाणी, त्यात गोठ्यांचं, गटारांचं, सगळ्याचं एक झालेलं. अशात काकांनी गेटाच्या आत, जरा उंचवटा होता तिथे, एक बाकडं टाकलं. बाजूला टाकीच्या पाण्याचा टब, साबण, जुन्या चादरींचे फाडलेले तुकडे. येईल त्याला बसवायचं, पाय धुवायचे, कोरडे करायचे, कापलं असेल तिथे मलम. बाळंतीण बाईला दरवाजाच्या फळीवर घालून आणणारे चौघे तिला वर पोचवून परत आले, तेव्हा काकांनी त्यांना एकेक करून बाकड्यावर बसवलं. त्यातला एक वैतागून म्हणाला, "काका, देवळात आलोय का आम्ही?" काका मान न उचलता म्हणाले, "देवळात नाही धुतलेस तरी देव काही करत नाही. इथे धू."

हे तीन दिवस चाललं. पायात गमबूट, अंगावर प्लास्टिक, आणि मान खाली.

पाणी ओसरलं त्याच आठवड्यात गुरुपौर्णिमा आली. गाळ उपसता उपसता मला सुचलं, आणि मी काकांच्या पाया पडले. म्हणजे बुटांच्या पडले. डाव्या गमबुटाला घोट्याखाली चिकटपट्टी लावलेली होती, एकावर एक तीन-चार थर, अगदी निगुतीनं. मी हसून म्हटलं, "काका, बुटालासुद्धा ड्रेसिंग?" ते म्हणाले, "त्यालाही लागलंय." आम्ही दोघं हसलो. बूट फाटलाय म्हणजे आत पाणी जातंय, इतकी साधी गोष्ट मला, विज्ञानाच्या पदवीधर बाईला, सुचली नाही.

पुराच्या मागून लेप्टोचा ताप येतो, घाण पाण्यातून, पायाच्या जखमेवाटे, हे आमच्या भागात आता सगळ्यांना माहीत आहे. त्यावरच्या प्रतिबंधक गोळ्या वाटायला आम्ही पाड्यापाड्यांवर गेलो. काका बरोबर. गोळी हातात द्यायचे नाहीत, समोर गिळायला लावायचे, मग "जीभ दाखव," मग "आता पाय दाखव." म्हाताऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या की हा बाबा वरपासून खालपर्यंत काही सोडत नाही. आमच्या घरी आले तेव्हा आईनं गोळी घेतली, जीभ दाखवली, पाय दाखवले आणि ते पुढच्या घरी गेल्यावर मला आत ओढून म्हणाली, "सगल्यांचे पाय बघत फिरतो. त्याच्या तोंडाकडं कुनी बघितलं का? डोले लाल हायेत त्याचे."

मी बाहेर गेले आणि मुद्दाम वाकून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटतं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नीट पाहिलं. डोळे लाल होतेच. पोटऱ्या दुखतात का विचारलं, तर म्हणाले की चालून चालून दुखतात. तुम्ही गोळी घेतली का विचारलं, तर शाळेत पकडलेल्या पोरासारखे पुढच्या अंगणाकडे बघायला लागले. मग म्हणाले, त्या गोळीनं त्यांना पित्त होतं. सबंध तालुक्याच्या जिभा तपासणाऱ्या माणसानं स्वतःची गोळी खिशात ठेवली होती.

मी त्यांना तसंच रुग्णालयात आणलं, रक्त काढलं. चाचणीच्या पट्टीवर एक रेघ आपोआप येते, ती आली. दुसरी येऊ नये म्हणून मी बसून राहिले. ती आधी नसल्यासारखी होती, मग होती. मूत्रपिंडाचा आकडाही वाढलेला निघाला. मॅडमनी कागद बघितला आणि लगेच रुग्णवाहिका बोलावली. मुंबईला न्यायला हवं होतं.

स्ट्रेचरवर घेताना त्यांचे बूट मी काढले. पांढरेफटक, पाण्यानं सुरकुतलेले पाय, बोटांच्या मधली कातडी सुटलेली आणि डाव्या टाचेखाली बोटभर लांब चीर. सगळ्या तालुक्याचे पाय ज्यांना तोंडपाठ, त्यांचे पाय आमच्यापैकी कुणी कधी पाहिले नव्हते. मी चीर धुवायला लागले, तर ते पाय ओढून घेऊ लागले. अंगात जोर नव्हता, म्हणून राहिले. मग छताकडे बघत म्हणाले, "तुझ्या बापाला पट्टी मी चांगली बांधली होती गं. पण गेटाबाहेर पाणी होतं. ते मला दिसत होतं." मी चिंधीनं पाय पुसत राहिले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "अर्ज लिहिलास?"

मी त्याच दुपारी लिहिला. पदवीला साजेल असा, परिच्छेद पाडून, कारणं देऊन. उत्तर आलं नाही. दुसरा लिहिला, तो हरवला. तिसरा मी स्वतः घेऊन गेले आणि सही मिळेपर्यंत साहेबांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले. शिपाई म्हणाला जेवून या, मी म्हटलं मी डबा आणलाय.

त्या पंधरवड्यात आमच्याकडून तापाचे तिघे पुढे पाठवले होते. परत आले ते एकटे काका. दीड महिन्यानं आले, निम्मे होऊन आले. डायलिसिसनं वाचले, पण पूर्वीचं काही राहिलं नाही. उरलेली नोकरी रजेत गेली आणि निरोप समारंभाला ते खुर्चीतच बसून होते. माणसं पाया पडायला आली, तर काका त्यांचे पाय बघायचे, पण ओळखायला वेळ लागायचा. राजोडीच्या एका कोळणीला ते चिंचोटीची म्हणाले. ती हो म्हणाली.

यंदा जूनच्या आधी मी त्यांना सांडोरहून रिक्षानं घेऊन आले. काठी टेकत काका गेटापर्यंत चालले. त्यांना नव्या ओट्यावर बसवलं, नळ सोडला आणि पाय धुवायला वाकले. ते म्हणाले, "नको पोरी, मला पाप लागेल." मी म्हटलं, पाप नंतर बघू. मग त्यांनी पाय पुढे केला. पाणी वाहत होतं, गेटातून माणसं ये-जा करत होती. मी टाच पुसत असताना त्यांनी मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं, बराच वेळ. "तू आईवर गेलीस होय," ते म्हणाले. "मला वाटायचं, बापावर."

ओटा पाच माणसांना एकदम बसता येईल एवढा झाला आहे. नळ दोन आहेत आणि दोन्हींना पाणी येतं.